हरकत नाही म्हणजे हो नव्हे

श्रीधर,

तुझा जन्म, शिक्षण, नोकरी आणि आजार यांविषयी वर्तमानपत्रात छापून आले. त्यात दोन चुका होत्या. एकीने तुझे वय कमी झाले, दुसरीने तू समाजसेवक ठरलास. त्या दुरुस्त कराव्यात असे मला वाटले नाही. पहिली तुला आवडली असती आणि दुसरीवर तू एक लेख लिहिला असतास.

हा मजकूर तुझ्याच संकेतस्थळावर जाईल. तू त्याला ब्लॉग म्हणायचास, मी संकेतस्थळ म्हणायचो, आणि केशव अजून कोर्टातून घरी आलेला नाही असे तू सुमनवहिनींना सांगायचास. जिल्हा न्यायालयात भाषांतरकार म्हणून माझे आयुष्य गेले. शब्द जसा असेल तसा ठेवण्याची सवय सुटत नाही. प्रसिद्ध करण्यापूर्वी हा मजकूर मी वहिनींना वाचून दाखवला आणि तुझ्या मुलाला, निखिलला पाठवला. वहिनींनी दोन वाक्ये काढायला लावली. ती काढली आहेत. निखिलने कळवले, की काका, तुम्हाला योग्य वाटेल तसे करा. तेवढे उत्तर तुला पुरले नसते, म्हणून मी त्याला पुन्हा विचारले. मग त्याने ‘हो’ असे लिहून पाठवले.

लिहिण्याचे कारण सांगतो. शेवटची दोन वर्षे तुझा हात कापत होता. तू लेख बोलून सांगायचास, मी तो एका लहान ध्वनिमुद्रकावर घ्यायचो आणि घरी आल्यावर उतरवून काढायचो. ती सगळी ध्वनिमुद्रणे माझ्या कपाटात आहेत. तुझा मुलगा ती मागत होता. त्याला तुझ्या आवाजात बोलणारे यंत्र पुरे करायचे होते, आणि अशा यंत्राला माणसाचे बोलणे भरपूर लागते. ती त्याला द्यावीत की नाही, एवढाच प्रश्न होता. तू असतास तर एका वाक्यात उत्तर देऊन तासभर त्या वाक्याचा बचाव करत बसला असतास. तू नसल्यामुळे तो प्रश्न माझ्याकडे आला. मला तो नको होता.

त्याचे मूळ आपल्या जुन्या वादात आहे. वाचकांसाठी तो थोडक्यात सांगणे भाग आहे.

औषधनिर्माणशास्त्र शिकवत असताना एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर तू होतास. नव्या औषधाची चाचणी माणसांवर करायची असेल, तर ही समिती आधी कागदपत्रे तपासते. रुग्णाने सही करण्याच्या मजकुराचे मराठी रुग्णालाच काय, समितीलाही कळत नव्हते. ते सुधारण्यासाठी तू मला ओढून नेलेस. मी स्वच्छ, सोपा मसुदा केला. शेवटचे वाक्य होते: ‘या चाचणीत सहभागी होण्यास माझी हरकत नाही.’ तू त्या वाक्यावर आडवी रेघ मारलीस आणि बैठकीत सर्वांसमोर विचारलेस, की हे कोणी लिहिले.

“मी,” मी म्हणालो.

“मराठी चोख आहे. पण हे संमतीपत्र नाही केशव, हे शरणपत्र आहे.”

तुझे म्हणणे असे होते, की ‘हरकत नाही’ म्हणजे ‘हो’ नव्हे. ‘हरकत नाही’ म्हणजे मी तुझ्या आड येत नाही. तू विहिरीत उडी मारणार असशील तरी माझी हरकत नाही. त्यात माझे पाऊल कुठेच पुढे पडलेले नाही. मी म्हणालो, की भाषा समितीत ठरत नाही, लोकांच्या तोंडी ठरते. उभा महाराष्ट्र होकार देताना ‘हरकत नाही’ म्हणतो. शासनाचा सारा कारभार ना-हरकत दाखल्यावर चालतो. त्यावर तुझे उत्तर तयार होते. सरकारला कधी कोणाचे काही हवे असते का, असे तू विचारलेस. ते फार तर आड येत नाही, म्हणून त्याला तो शब्द शोभतो. माणसाला शोभत नाही.

मग मी व्युत्पत्तीचा आधार घेतला. हरकत हा मूळचा अरबी शब्द. तिकडे त्याचा अर्थ हालचाल. मराठीत येईपर्यंत त्याचा अडथळा झाला. तुझा मुद्दा यात कोठे बसतो, ते मी विचारले. तू म्हणालास, की मूळ अर्थच बरा आहे. ज्याला हालचाल करता येत नाही, त्याची हरकत नाही असे आपण लिहून घेतो. वॉर्डात नेमके तेच चालले आहे.

 तरी मी मत बदलले नाही. मसुद्यात मात्र ‘मला हे हवे आहे’ असे वाक्य गेले आणि त्याच्या आधी, रुग्णाने स्वतःच्या शब्दांत काय होणार आहे ते सांगावे, अशी अट तू घातलीस. पहिल्याच आठवड्यात निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार पुढ्यात आले. तू त्यांना समजावून सांगायला सुरुवात करणार, तोच त्यांनी पेन मागितले.

“लिहा की साहेब. आपली काय हरकत नाय.”

“कशाला हरकत नाही?”

“तुमी म्हनाल त्याला.”

“मी अजून काही म्हटलेलंच नाही.”

“मंग तर लय सोपं झालं.”

तू हसलास, पण त्यांना चाचणीत घेतले नाहीस. ते नाराज झाले. या वयात आपल्याला नापास केले, असे त्यांनी जाताना वॉर्डभर सांगितले. बैठका लांबू लागल्या. तरुण डॉक्टर घड्याळाकडे पाहू लागले. समितीची मुदत संपली तेव्हा नव्या यादीत तुझे नाव नव्हते. मी चौकशी केली. हरकत कोणाचीच नव्हती. तू कोणाला हवा नव्हतास. हे वाक्य मी तुला तेव्हाच सांगितले होते आणि तू मला मिसळ खाऊ घातली होतीस. माझ्या बाजूने दिलेला तो एकमेव पुरावा तुझ्या बाजूचा निघाला, असे तुझे म्हणणे होते.

तेथून तू मोबाइलकडे वळलास. प्रत्येक नव्या सोयीच्या तळाशी ‘मी सहमत आहे’ असे बटण असते. सहमत म्हणजे ज्याचे मत जुळले तो. कंपनीने माझे मत कधी विचारले, असा तुझा प्रश्न होता. मी म्हणालो, नको असेल तर दाबू नकोस. सकाळी ट्रॅकवर चालताना हा वाद आपण इतक्यांदा केला, की आपल्या मागून चालणारे लोक पुढे निघून जाऊ लागले. वहिनींच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ, गॅसचा नंबर, निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला, सगळे त्या बटणाच्या पलीकडे आहे, हे तू बोटांवर मोजायचास. ज्या घराला एकच दार आहे, त्यातून आत गेलेल्या माणसाने दार निवडले असे म्हणू नये. हे तुझे वाक्य पुढे लेखात आले. तो लेख बराच फिरला. तो ज्या कंपनीच्या कृपेने फिरला, तिच्याविरुद्धच तो होता, हे मी निदर्शनास आणले. तू म्हणालास, की तुरुंगाच्या भिंतीवर लिहायला कोळसाही तुरुंगातलाच लागतो.

इंटरनेटच्या स्वातंत्र्याविषयी मात्र आपले जमले नाही. जिल्ह्याच्या एका भागात तणाव होता आणि तेथे काही दिवस इंटरनेट बंद ठेवण्याचा आदेश निघाला. पिंपळगावला तुझ्या मावसभावाचे द्राक्षे भरून पाठवायचे पॅकहाउस आहे. त्याचे भरलेले टेम्पो दारात उभे राहिले, कारण पुढचा भाव आणि पुढची गाडी दोन्ही मोबाइलवर ठरत होती. तू संतापलास. मी आदेशाच्या बाजूने होतो. दंगलीच्या खटल्यांतील साक्षी मी भाषांतरित केल्या आहेत. एका खोट्या ओळीने काय होते, ते मला एका बाईच्या तोंडून ऐकून इंग्रजीत लिहावे लागले आहे. काही दिवस गाव मुके राहिले तरी चालेल, असे मी म्हणालो. गाव मुके केल्याने अफवा मरत नाही, तिचे फक्त पाय बांधले जातात, असे तू म्हणालास. अफवा थांबवायची तर खरी बातमी आधी पोचवा. मग तू स्वतःच माझ्या बाजूने एक मुद्दा दिलास, ही तुझी नेहमीची खोड. निदान त्या आदेशावर एका माणसाची सही आहे. त्याच्याविरुद्ध दाद मागता येते. उद्या कंपनीने माझे लेखन पुसले, तर मी कोणाच्या नावाने अर्ज करू?

हा वाद संपला नाही. माझे मत आजही तेच आहे. ते बदलायला आता तू लागतोस.

चित्रपटांच्या बाबतीत तू स्वतःशीच भांडत होतास. गर्दीचे, गाण्यांचे, मारामारीचे चित्रपट तुला मनापासून आवडत. मला आवडत नसत, पण तू तिकिटे काढून आणायचास. एका चित्रपटात नायक नायिकेच्या मागे शहरभर फिरतो, तिच्या दारात रात्र काढतो आणि मध्यंतरापूर्वी ती हसते. शिट्ट्या वाजल्या. त्या गोंगाटात तू वर्गात बोलावे तशा आवाजात म्हणालास, की तिने अजून हो म्हटलेले नाही. मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, “काका, पिक्चर बघू द्या ना. ती लाजतीये.” तू मागे वळून त्याला विचारलेस, की लाजणे आणि होकार यांत फरक काय. तो म्हणाला, “घरी काकूंना विचारा.” काकू तुझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्या हसल्या. मीही हसलो असेन.

त्या लेखात तू लिहिलेस, की ‘नाही’चा अर्थ ‘हो’ असा लावायला आपण आधी चित्रपटगृहात शिकलो. कंपन्यांनी नंतर त्याचे बटण केले. मला तो संबंध ओढूनताणून आणलेला वाटला होता. आता तसा वाटत नाही.

अतिदक्षता विभागातून तुला खोलीत आणले त्या दिवशी तू, मी आणि निखिल असे आपण तिघे होतो. तो बंगळुरूहून आला होता. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. तुझ्या मते शत्रूच्या छावणीत. वहिनींच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार वाढला होता. वर्तमानपत्र तू त्यांना रोज वाचून दाखवायचास, आणि ते आता बंद पडणार हे खोलीत सर्वांना कळत होते. निखिलने तुझ्या उशाशी मोबाइल ठेवला.

“बाबा, तुमचा थोडा आवाज घेऊन ठेवतो. आईला पेपर वाचून दाखवता येईल नंतर. चालेल ना?”

तू त्याच्याकडे पाहिले नाहीस. माझ्याकडे पाहिलेस. तुला मानही नीट वळवता येत नव्हती.

“हरकत नाही,” तू म्हणालास.

निखिलचा चेहरा उजळला. त्याने तुझा हात हातात घेतला. तू त्याच्या सांगण्याप्रमाणे काही ओळी वाचल्यास आणि दमलास. मी त्या खोलीत शब्दाचा अर्थ सांगितला नाही. मरणाऱ्या माणसाच्या उशाशी मुलाला भाषा शिकवू नये, असे मला वाटले. आजही वाटते.

दहाव्याला आम्ही गंगेवर, म्हणजे इथल्या नदीच्या घाटावर होतो. तुझा त्र्यंबकचा चुलतभाऊ विधी करत होता. तुमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या मृतांना शांत केले. तू ते काम नाकारून औषधनिर्माणशास्त्र शिकवलेस आणि शेवटी त्यांच्याच हाती आलास. पिंड मांडले. कावळे झाडावर बसून राहिले. आपल्याकडे अशा वेळी जो तो मृताची राहिलेली इच्छा शोधू लागतो. चुलतभावाने घराण्याच्या वतीने आश्वासन दिले, कावळा आला नाही. वहिनींनी हात जोडले, आला नाही. मग निखिल पुढे झाला आणि म्हणाला, की बाबा, आईला एकटे वाटू देणार नाही, तुमचा आवाज घरात राहील. कावळा उतरला.

“बघ,” चुलतभाऊ त्याला म्हणाला, “मान्य झालं त्यांना.”

कावळा भुकेला असावा. हे मी तुझ्या वतीने म्हणतो. लहानपणी वडिलांबरोबर घाटावर बसून तू जे शिकलास, ते बहुधा एवढेच होते.

तेराव्यानंतर निखिलने मला घरी बोलावले. दिवाणखान्यात, तुझ्या खुर्चीजवळच्या तिवईवर एक डबी होती. त्याने तिला काही सांगितले आणि तू बोलू लागलास.

“नमस्कार. आज मी आपल्याला काय वाचून दाखवू?”

आवाज तुझा होता, हे मला मान्य केलेच पाहिजे. मी बसून घेतले. पण तू आयुष्यात वहिनींना ‘आपण’ म्हटलेले मी ऐकले नाही. यंत्राने पहिल्या पानावरच्या बातम्या एका दमात शेवटपर्यंत वाचल्या. तू दोन ओळी वाचून थांबायचास, चष्मा कपाळावर न्यायचास आणि छापणाऱ्याला, लिहिणाऱ्याला आणि मंत्र्याला एकाच वाक्यात झोडपायचास. वहिनी म्हणायच्या, की मला पेपर कधी ऐकायलाच मिळाला नाही. तो आता मिळत होता. त्या हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हते.

निखिल म्हणाला, की काहीही विचारा, उत्तर देतात. ‘देतात’ असे तो म्हणाला. मी डबीला विचारले, की ‘हरकत नाही’ म्हणजे काय.

तू लगेच उत्तर दिलेस. “हरकत नाही म्हणजे संमती असणे. मान्यता किंवा होकार दर्शवण्यासाठी हा शब्दप्रयोग करतात.”

इतकी वर्षे मी जे म्हणत होतो, ते तू मान्य केलेस. तुझ्या तोंडून ‘पण’ नसलेले ते पहिलेच वाक्य असावे. मी वाद जिंकलो होतो. असा विजय कोणाच्या वाट्याला येऊ नये.

मी निखिलला विचारले, हे कोण बोलले. त्याने प्रामाणिकपणे सांगितले, “आवाज बाबांचा आहे काका. उत्तर कंपनीकडून येतं.”

मग त्याने ध्वनिमुद्रणे मागितली. रुग्णालयातला तुकडा लहान होता, त्यात तू दमलेला होतास. तासन्‌तासांचे बोलणे मिळाले तर तुझी ढब येईल, तुझे थांबणे, तुझा चिडका सूरही येईल. काही दिवसांत ते घरात तू असल्यासारखे होईल, असे तो म्हणाला. तो तुझ्यावर प्रेम करतो, याविषयी मला शंका नाही. मी नाही म्हणालो आणि कारण सांगितले. तू होकार दिला नव्हतास. तू ‘हरकत नाही’ म्हणाला होतास, आणि तुझ्या तोंडी त्याचा अर्थ वेगळा होता.

निखिल माझ्याकडे वळला. “काका, तुम्ही भाषेतले. तुम्हीच सांगा, मराठीत हरकत नाही म्हणजे हो नाही का?”

“आहे.”

“मग?”

“भाषेत आहे. त्याच्या तोंडी तो अर्थ नव्हता.”

“मग ते सरळ नको का नाही म्हणाले? मी काय जबरदस्ती केली असती?”

याचे उत्तर मला ठाऊक आहे असे वाटते, पण मी ते दिले नाही. तू ‘नको’ म्हणाला असतास, तर आईसाठी काहीतरी करू पाहणाऱ्या मुलाला तू जाताना रिकाम्या हाताने परत पाठवले असतेस. तू त्याच्या आड आला नाहीस, एवढेच. तुझ्या सिद्धांतात या गोष्टीला जागा नव्हती. माणूस ‘हरकत नाही’ भीतीने म्हणतो, अज्ञानाने म्हणतो, थकून म्हणतो, असे तू लिहिलेस. मायेनेही म्हणतो, हे तू लिहिले नाहीस. ते करून गेलास.

निखिलचा आवाज चढला. आईला दिसत नाही, ती दिवसभर एकटी असते, आणि आपण मेलेल्या माणसाच्या व्याकरणावर भांडतो आहोत, असे तो म्हणाला. मी म्हणालो, की मेलेल्या माणसाकडे व्याकरणाशिवाय दुसरे काही उरत नाही. आम्ही दोघे उभे होतो. वहिनी आमच्यामध्ये बसल्या होत्या आणि आम्ही त्यांच्या डोक्यावरून बोलत होतो.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “तुमचं दोघांचं झालं असेल तर मी बोलू?”

आम्ही बसलो.

“माझ्या लग्नाच्या बैठकीत माझे वडील म्हणाले होते, आमची काही हरकत नाही. मी आतल्या खोलीत होते. मला ऐकू आलं. पुढं हे जन्मभर त्या शब्दावर बोलले. समितीत भांडले, लेख लिहिले. मी चहा देत होते ना, सगळं ऐकलंय. पण तेव्हा तुला काय वाटलं होतं, असं मला एकदाही विचारलं नाही.”

“आई, काय वाटलं होतं तुला?” निखिलने विचारले.

“आता तू विचारू नकोस. ज्यांनी विचारायचं ते गेले.”

श्रीधर, तुझे सगळे युक्तिवाद मला पाठ आहेत; मीच ते उतरवले आहेत. त्यांपैकी एकही त्या खोलीत उपयोगी पडला नसता. मी असेही म्हणू शकत नाही, की तू त्यांच्यावर अन्याय केलास. त्यांनी तसे म्हटले नाही. त्यांनी जे म्हटले तेवढेच येथे लिहितो.

थोड्या वेळाने त्यांनी मला विचारले, “तुमच्या त्या मशीनमध्ये माझं नाव आहे का?”

साक्षीदाराचे उत्तर जसेच्या तसे उतरवण्यात माझे आयुष्य गेले. मी म्हणालो, “लेखांत नाही.”

“लेखांत नाही म्हणजे?”

“मध्ये मध्ये आहे. ते मी उतरवलेले नाही.”

“का?”

“तो मजकुराचा भाग नव्हता.”

 त्या म्हणाल्या, की उद्या ते मशीन घेऊन या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ध्वनिमुद्रक घेऊन गेलो. निखिल दारात उभा राहिला. त्याला कोणी आत येऊन बस म्हटले नाही की जा म्हटले नाही. कोणती हाक कोणत्या लेखात आहे ते मला साधारण आठवत होते. मी एकेक काढून लावली. एका लेखात तू सांगत होतास, की कंपनीला आपली माहिती नको असते, आपली सवय हवी असते. आणि त्याच श्वासात, ‘सुमन, पाणी.’ मग भांड्याचा आवाज. दुसऱ्यात इंटरनेटच्या आदेशावर बोलता बोलता, ‘सुमन, तो पंखा.’ तिसऱ्यात, ‘सुमन, निखिलचा फोन येऊन गेला का?’ निखिलने दाराची चौकट धरली. औषधचाचण्यांवरच्या शेवटच्या लेखात एका ठिकाणी नुसतेच ‘सुमन’ आहे. त्याच्यापुढे काही मागणे नाही. स्वयंपाकघरातून त्यांचे ‘काय हो’ ऐकू येते. तुझे उत्तर नाही. थोडा वेळ काहीच नाही. मग तू पुढचा परिच्छेद सांगू लागलास.

तेवढा तुकडा वहिनींनी पुन्हा लावायला सांगितला. मी लावला. आणखी एकदा सांगितला. त्या वेळी तुला काय हवे होते, हे त्यांना आठवत नव्हते. मी समोर बसलेलो होतो, मलाही आठवत नाही. लिहिण्यासारखे काही घडले नव्हते.

मग त्यांनी हाताने थांबवायची खूण केली आणि दाराकडे तोंड वळवले.

“निखिल, हे त्या यंत्राला देऊ नकोस. बातम्या कुठल्याही आवाजात ऐकता येतात. ते अशी हाक मारायला शिकलं, तर मला ओ द्यावी लागेल.”